झडतीची तिसरी ओळ

पोळ्याच्या दिवशी आमच्या यवतमाळकडच्या गावांत आखरावर बैलजोड्या रांगेनं उभ्या राहतात. अंगावर झूल, शिंगांना बेगड, वर आंब्याच्या पानांचं तोरण. तोरण तुटायच्या आधी झडत्या होतात. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो, झडती म्हणजे वाजंत्री थांबवून मोठ्यानं म्हणायच्या चार ओळी. म्हणणारा एकटा, आणि शेवटच्या ओळीला महादेवाचा गजर साऱ्या गावाचा. झडतीत सावकार येतो, सासू येते, कापसाचा भाव येतो, मंत्रीही येतो. तिच्यातलं बोलणं कोणी मनावर घ्यायचं नाही, अशी जुनी रीत आहे.

गेल्या पोळ्याला एका गावात बावीस वर्षांच्या पोरानं ही झडती म्हटली:

पऱ्हाटी बसली पाण्यात, सोयाबीन गेलं सडून,
पंचनाम्याचे सायेब गेले गाडीतूनच पाहून,
इम्याचा पैसा बसला सांगा कोनाच्या घरी दडून?
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

गजर झाला, तोरण तुटलं, बैलं घरोघरी बोजाऱ्याला, म्हणजे ओवाळून घ्यायला, गेली. पण कोणीतरी मोबाइलवर चित्रण केलं होतं. ते सांजेला गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणि रात्री तालुक्याच्या ग्रुपवर पोचलं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, पोराला ठाण्यातून फोन आला, ‘उद्या येऊन भेट.’ ग्रुपच्या अॅडमिननं घाबरून व्हिडिओ उडवला आणि स्वतःही ग्रुप सोडला. तिसऱ्या दिवशी बाप-लेक माझ्यापुढं उभे. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. टेबल आवारातल्या कडुनिंबाखाली असतं.

‘सायेब,’ बाप म्हणाला, ‘पोट्ट्यावर देशद्रोह लागते का जी?’

त्याला टेबलावर पाच मिनिटांत उत्तर दिलं होतं. इथं जरा पसरून सांगतो, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

त्या माणसाच्या डोक्यात देश, सरकार, कृषी खात्याचे साहेब आणि गावचा सरपंच एकाच गाठोड्यात बांधलेले होते. पहिल्यांदा ते गाठोडं सोडावं लागतं. देश म्हणजे आपण सगळे, ही जमीन, आणि आपण स्वतःला दिलेलं संविधान. सरकार म्हणजे आपण ठराविक मुदतीसाठी कामाला लावलेली माणसं. आमच्याकडे गुढीपाडव्याला सालगडी ठेवतात. मालकानं ‘डवरणी उशिरा काऊन केली?’ असं विचारलं, तर तो शेताशी बेइमान झाला असं कोणी म्हणत नाही. शेत त्याचंच आहे म्हणून तर तो विचारतो. सरकार हा पाच वर्षांच्या बोलीवर ठेवलेला सालगडी. उपमा लंगडी आहे हे मान्य, कारण या सालगड्याच्या हातात कोठाराच्या किल्ल्याही आहेत आणि ठाण्याचा शिपाईही. म्हणून तर मालकाचा बोलण्याचा हक्क नुसत्या रीतीवर न सोडता लिहून ठेवावा लागला.

तो लिहिलाय संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) मध्ये. प्रत्येक नागरिकाला भाषणाचं आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य. लगेच खाली, १९(२) मध्ये, त्याला कुंपण घातलंय. सरकार या स्वातंत्र्यावर ‘वाजवी’ निर्बंध घालू शकतं, पण आठच कारणांसाठी. देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परदेशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, आणि गुन्ह्याला चिथावणी. काही कारणं १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत आली, सार्वभौमत्वाचं १९६३ मध्ये. ही यादी मी पक्षकारांना बोटांवर मोजायला लावतो. आठ बोटं झाली की विचारतो, ‘यात सरकारला वाईट वाटलं हे कारण कुठं आहे?’ बोटं संपलेली असतात.

हे चुकून राहून गेलेलं नाही. संविधानाच्या मसुद्यात निर्बंधांच्या कारणांमध्ये ‘राजद्रोह’ हा शब्द होता. १९४८ च्या डिसेंबरात संविधान सभेत चर्चा झाली, कन्हैयालाल मुन्शींनी दुरुस्ती मांडली आणि तो शब्द काढला गेला. सभेतले कितीतरी जण इंग्रजांच्या तुरुंगात जाऊन आलेले होते. तो शब्द कसा वापरला जातो हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं.

आता बापाचा शब्द घेऊ. गावात सगळे ‘देशद्रोह’ म्हणतात, कायद्यात होता तो ‘राजद्रोह’. भारतीय दंड संहितेचं कलम १२४-अ. इंग्रजांनी १८७० मध्ये ते घातलं. सरकारविषयी अप्रीती निर्माण करणं हाच गुन्हा. टिळकांना १९०८ मध्ये याच कलमाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेला नेलं. १९२२ मध्ये अहमदाबादच्या कोर्टात गांधीजींनी आरोप कबूलच केला आणि वर सुनावलं की प्रेम काही कायद्यानं तयार करता येत नाही. सरकारवर प्रेम करा नाहीतर तुरुंगात जा, असा तो कायदा. सासुरवाशिणीलाही इतकं कोणी सांगत नाही.

गंमत अशी की स्वातंत्र्यानंतरही हे कलम जागेवरच राहिलं. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केदारनाथ सिंह यांच्या खटल्यात त्याला वेसण घातली. कलम रद्द केलं नाही, पण अर्थ आवळला. शब्द कितीही कडक असोत, हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक शांतता बिघडवण्याचा हेतू वा कल असेल तरच गुन्हा, नुसती टीका म्हणजे गुन्हा नाही. पुढं ११ मे २०२२ रोजी न्यायालयानं या कलमाचा वापरच थांबवला. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात १२४-अ नाही, कलम १५२ आहे. देशाचं सार्वभौमत्व, एकता, अखंडता धोक्यात आणण्याबद्दलचं. शिक्षा जबर, जन्मठेपेपर्यंत. त्याचे शब्द सैल आहेत, ते कुठंपर्यंत ताणले जातील याची काळजी मलाही वाटते. पण त्याच कलमाखाली एक स्पष्टीकरण जोडलंय. सरकारच्या उपाययोजना कायदेशीर मार्गानं बदलून घेण्यासाठी त्यांच्याबद्दल नापसंती दाखवणं, हा या कलमाखाली गुन्हा नाही.

तर पंचनामा गाडीतून झाला असं म्हणणं देशद्रोह नाही, राजद्रोह नाही, १५२ पण नाही. एवढं ऐकून बापाचा जीव भांड्यात पडला. पोरगा मात्र चपळ, त्यानं विचारलं, ‘मंग कायी पण म्हणता येते?’

नाही. आणि माझ्या मते लोकांना खरं समजून घ्यायचंय ते हेच. पोराची झडती समोर कागदावर लिहिली आणि तिसऱ्या ओळीत खाडाखोड करत गेलो.

पहिली ओळ वस्तुस्थिती सांगते. पीक सडलं. त्यात कायद्याला करायला काही नाही. दुसरी ओळ सरकारी कामावर टीका करते, साहेब खाली उतरले नाहीत म्हणून. हे झणझणीत आहे, साहेबांना झोंबणारच. पण लोकसेवकानं आपलं सार्वजनिक काम कसं केलं याबद्दल प्रामाणिकपणे मत देणं बदनामीच्या कायद्यानंच अपवादात टाकलंय. तिसरी ओळ प्रश्न विचारते. ‘कोनाच्या घरी’ म्हणताना तिनं कोणाचंही नाव घेतलेलं नाही.

आता नाव घालून पाहू. समजा पोरगा म्हणाला असता, ‘अमुक सायबानं इम्याचे दोन लाख खाल्ले.’ इथं जमीन बदलते. ही कामावरची टीका राहिली नाही. हा एका माणसावर गुन्ह्याचा आरोप झाला. पूर्वीचं कलम ४९९-५००, आता न्याय संहितेचं ३५६. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नव्या कायद्यात समाजसेवेची शिक्षाही आलीय. गुन्हेगारी बदनामीचं हे कलम संविधानाशी सुसंगत आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सांगितलंय. म्हणजे ते जिवंत आहे आणि चावतं.

त्यातून सुटायची वाट कलमातच दिलीय. गोष्ट खरी असेल आणि ती सांगणं लोकहिताचं असेल, तर बदनामी नाही. ज्याला त्या माणसावर कारवाई करायचा अधिकार आहे, त्याच्याकडं सद्भावनेनं केलेली तक्रारही बदनामी नाही. हा दुसरा अपवाद गावातल्या माणसाच्या फार कामाचा आहे आणि कोणाला माहीतच नसतो. ‘साहेबांनी पैसे खाल्ले’ हे चावडीवर ओरडणं वेगळं आणि हाताशी असलेले कागद जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडं लेखी देणं वेगळं. पण एक ध्यानात ठेवा. ‘खरं आहे’ हे सिद्ध करायची पाळी बोलणाऱ्यावर येते. ‘साऱ्या गावाले ठावूक आहे’ हा पुरावा नसतो. साक्षीच्या दिवशी सारं गाव शेतावर गेलेलं असतं, हा माझा अनुभव.

अजून एक फरक. माणसाला अब्रू असते, ग्रामपंचायतीला तशी नसते. १९९४ मध्ये राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की सरकार, स्थानिक संस्था आणि सत्ता वापरणारी इतर अंगं ‘आमची बदनामी झाली’ म्हणून नुकसानभरपाईचा दावा लावू शकत नाहीत. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर ‘पंचायतीची बदनामी केल्याबद्दल पाच लाख भरा’ अशी नोटीस आमच्याकडं एका शेतमजुराला आली होती. बिचारा दोन रात्री झोपला नव्हता. उत्तरात मी हाच निकाल एका परिच्छेदात लिहून पाठवला. पुढं काही आलं नाही.

तिसऱ्या ओळीचा आणखी एक बदल. ‘सायबाले झाडाले बांधून ठोका.’ इथं कुंपण संपलं. ही चिथावणी. आणि चिथावणी गमतीत होती की रागात, हे ठरेपर्यंत पोरगा कोर्टाचे खेटे घालत म्हातारा होईल. मत मांडणं, त्या मताचा प्रचार करणं आणि चिथावणी देणं, या तीन पायऱ्या सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात वेगळ्या करून दाखवल्या. पहिल्या दोन पायऱ्यांवर तुम्ही कितीही अप्रिय बोला. कायद्याचा हात तिसरीवर पोचतो.

त्या खटल्याची सुरुवात आपल्याच राज्यातली. २०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर बंदबद्दल दोन ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीनं ती पोस्ट लाइक केली. दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ ची तेव्हा देशभर चर्चा झाली. ऑनलाइन ‘त्रासदायक’ लिहिणं हाच त्या कलमात गुन्हा होता. २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द झालं. अजूनही कोणी ‘सहासष्ट-अ लावू’ म्हणत असेल, तर तो मेलेल्या बैलाला दावणीला बांधतोय.

शेवटची खाडाखोड मी मुद्दाम केली, कारण आपल्या गावांत घसरगुंडी बहुधा इथंच असते. सरपंच आरक्षणातून आलेला असेल किंवा आलेली असेल, तर राग कामावर सुरू होतो आणि बघता बघता जातीवर, बाईपणावर उतरतो. नाली का तुंबली हे विचारा, हजारदा विचारा. पण अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा चारचौघांत जातीवरून अपमान केला की अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ लागतो आणि मग ‘मी सरकारवर टीका करत होतो’ हा बचाव चालत नाही. चालूही नये. तुंबलेल्या नालीला जात नसते.

पण शब्द टोचरे असले, ऐकणारा भडकला, तर? मोजायचं कशानं? याचं माप आपल्या नागपुरात घडलंय, आणि मला त्याचा अभिमान आहे.

तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी, आणि तिथं स्वतंत्र उच्च न्यायालय होतं. भगवतीचरण शुक्ल विरुद्ध प्रांतिक सरकार या प्रकरणात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी सांगितलं की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर, धैर्यवान माणसाच्या मापानं जोखायचा. कमकुवत, डळमळीत मनाच्या माणसाच्या नाही, आणि प्रत्येक विरोधी मतात ज्याला धोक्याचा वास येतो त्याच्याही नाही. निकाल १९४७ च्या निकालसंग्रहात छापलाय. बोस पुढं सर्वोच्च न्यायालयात गेले.

याचा अर्थ आमच्या भाषेत असा, की झडतीला माप लावायचं ते भर पोळ्यात उभं राहून झडती ऐकणाऱ्या म्हाताऱ्याच्या मनाचं. तो हसतो, गजर करतो आणि घरी जाऊन पुरणपोळी खातो. सांजेला व्हिडिओ पाहून ज्याला दंगल दिसते, त्याचं माप चालत नाही.

हे माप अजून झिजलेलं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात काश्मीरचे एक प्राध्यापक होते. कलम ३७० हटवल्याचा दिवस त्यांनी व्हॉट्सअॅप स्टेटसवर ‘काळा दिवस’ म्हटला आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. गटागटांत वैर पसरवल्याचा गुन्हा नोंदला गेला. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. निर्णयावर टीका करायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, आणि पोलिसांनाच आता हे शिकवायची वेळ आलीय, असं न्यायालयानं लिहिलं. मोजायला घेतलं ते माप नागपूरचंच. मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी यांच्या एका कवितेवरून गुजरातेत झालेला गुन्हा रद्द करतानाही तेच वापरलं. तुम्हाला त्या प्राध्यापकांचं स्टेटस आवडावं असं बंधन नाही. मलाही ते वाचून कपाळाला आठ्या पडल्या होत्या. पण आठ्या पडणं आणि गुन्हा घडणं या दोन गोष्टी आहेत.

ग्रुप सोडून पळालेल्या अॅडमिनसाठीही नागपूरहूनच निरोप आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं की सदस्यानं टाकलेल्या मजकुराबद्दल, संगनमत असल्याशिवाय, अॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. मी हे त्याला फोनवर सांगितलं. तो परत ग्रुपमध्ये आला, पण व्हिडिओ काही परत टाकला नाही.

मग ठाण्याच्या फोनचं काय? पोलीस बोलावतात म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नाही, आणि तोंडी फोन म्हणजे नोटीस नाही. आरोपी म्हणून बोलवायचं असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम ३५(३) ची लेखी नोटीस द्यावी लागते. ती व्हॉट्सअॅपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये बजावलंय. बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाशिवाय पोलीस त्याचा तपासही करू शकत नाहीत. पण ‘नोटीस नाही, येत नाही’ असा रुबाब करायला मी पोराला सांगितलं नाही. तालुक्याला राहायचं असतं. आम्ही तिघं गेलो. जमादार भला माणूस निघाला, त्याच्यावर वरून कोणाचा तरी फोन होता. ‘लिहून देतो, नोटीस द्या, जबाब देतो,’ म्हटल्यावर तो म्हणाला, ‘काही नाही वकीलसाहेब, पोराले जरा समजावून सांगा.’ चहा पिऊन परत आलो.

तुम्हाला वाटेल गोष्ट संपली. बाप परत येताना गप्प होता. बसस्टँडवर म्हणाला, ‘सायेब, जेलाचं समजलं. पण घरकुलाचा हप्ता अडकला तं?’

शहरातल्या लेखांत टीकेचा हक्क म्हणजे नागरिक आणि बलाढ्य सत्ता असं चित्र असतं. आमच्याकडं सत्ता गल्लीत राहते. ती कोणाची तरी मावसबहीण असते, कोणाचा चुलत दीर. तिच्या सहीवर रहिवासी दाखला, घरकुलाची यादी, रोजगार हमीची हजेरी, पांदण रस्ता. संविधान तुम्हाला तुरुंगापासून वाचवतं, न झालेल्या सहीपासून थेट वाचवत नाही. खेड्यात माणूस तोंड मिटतो ते १५२ ला भिऊन नाही. साहेब ‘उद्या या’ म्हणतील, या भीतीनं मिटतो.

या भीतीवर मोठा निकाल नाही, लहान लहान कागद आहेत. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरल्या दिवसांत द्यायची, अर्जाची पोच द्यायची, नाही दिली तर वरच्या साहेबांकडं अपील, आणि विनाकारण अडवणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. दंड लहान आहे, पण तो साहेबांच्या खिशातून जातो, हे विशेष. तुमच्याकडं पोच असेल तर ‘अर्जच आला नाही’ हे वाक्य मरतं. म्हणून मी म्हणतो, टीका करणाऱ्यानं आधी आपले अर्ज पोचसह फायलीत लावावेत, मग झडती म्हणावी.

दुसरी जागा ग्रामसभा. वर्षातून किमान चार घ्यायच्या असतात, गणपूर्ती एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते. तिथं प्रश्न विचारणं ही टीका सुद्धा नाही, ते तुमचं काम आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गाव ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असं म्हणत आलंय. निर्णय एकमतानं घ्यायचा तर विरोध करणाऱ्याला आधी ऐकावंच लागतं. बाकी गावांत ग्रामसभा कशी होते तुम्हाला ठाऊक आहे. रजिस्टर घरोघरी फिरतं, सह्या होतात, सभा झाली. त्यातही एक करता येतं. प्रश्न आधीच लेखी द्यायचा, पोच घ्यायची, आणि सभेत ‘हा प्रोसिडिंगमध्ये लिहा’ एवढंच म्हणायचं. आवाज चढवायची गरज पडत नाही. लिहिलेल्या प्रश्नाची भीती ओरडण्यापेक्षा जास्त असते, हे मी बऱ्याच सचिवांच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

दोन-तीन गोष्टी राहिल्या, त्या पटकन. तुम्ही जिल्हा परिषदेचे गुरुजी किंवा सरकारी कर्मचारी असाल तर तुमचं कुंपण जवळ आहे. सेवेचे वर्तणूक नियम सरकारी धोरणावर जाहीर टीका करू देत नाहीत, आणि जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारनं समाजमाध्यमांबाबत वेगळ्या सूचनाही काढल्या. झडती बायकोला म्हणायला सांगा, हा विनोद गुरुजी मंडळीतलाच आहे. मंत्र्याच्या दौऱ्याआधी कार्यकर्त्यांना पोलिसांची जी नोटीस येते, पूर्वी तिला ‘एकशे एकोणपन्नासची’ म्हणत, आता ती १६८ ची. ती समज आहे, शिक्षा नाही. जपून ठेवा. जमावबंदी लागू असेल तर मोर्चाआधी परवानगी काढा. टीका करायचा हक्क आहे, रस्ता बेमुदत अडवायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. १९३० मध्ये पुसदला बापूजी अणे यांनी जंगलातलं गवत कापून कायदा मोडला आणि तुरुंगवास पत्करला. तो सत्याग्रह होता, तिथं शिक्षा भोगायची तयारी हाच मार्ग. कायदा मोडायचाय की नुसतं बोलायचंय, हे घरून निघतानाच ठरवलेलं बरं. आणि विधिमंडळानं जुलै २०२५ मध्ये मंजूर केलेलं जनसुरक्षा विधेयक वाचा. त्यातल्या बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत बोललेले, लिहिलेले शब्द आणि खुणासुद्धा येतात. अशी व्याख्या गडचिरोलीच्या जंगलासाठी म्हणून लिहितात, पण कागदावर जंगलाची हद्द लिहिलेली नसते.

पोरगा आठ दिवसांनी एकटाच परत आला. म्हणाला, तिसऱ्या ओळीचं उत्तर पाहिजे. मग आम्ही त्या ओळीचा माहिती अधिकाराचा अर्ज केला. तालुका कृषी कार्यालयाचे जनमाहिती अधिकारी. मौज्यातल्या पीक नुकसानीच्या पंचनाम्यांच्या प्रती, पाहणीची तारीख, पाहणीला गेलेल्या कर्मचाऱ्याचं पदनाम, विम्यासाठी पाठवलेली यादी. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तीस दिवसांत उत्तर. आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द, म्हणून त्यानं पेन्सिलनं शब्द मोजले. शहाण्णव भरले.

‘अजून चोपन बाकी हायेत,’ तो म्हणाला. ‘खाली महादेवाचं लिहू का?’

मी म्हटलं, आधी सही कर.